लेकराच्या घड्याळाने मुंबई

नाताळची सुट्टी जवळ आली, की आमच्या सांगली-मिरजेकडच्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘या वेळी पोराला मुंबई दाखवून आणू.’ वाक्य सोपं आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं, की यादी वाढत जाते. गेटवे, राणीचा बाग, म्युझियम, तारांगण, चौपाटी, घारापुरी, सिद्धिविनायक, हाजीअली; शिवाय कुणी मामेभाऊ विरारला राहतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांच्याकडे एक दिवस. आणि हे सगळं तीन दिवसांत! ज्या पोरासाठी हा खटाटोप, त्याला भूक कधी लागते, झोप कधी येते, त्याचे पाय किती वेळ चालतात, याची नोंद त्या कागदावर कुठेच नसते. यात्रा मोठ्यांची ठरते आणि पोर मागून फरफटत जातं.

मी सात वर्षांच्या नातवाला घेऊन डिसेंबरात मुंबईला जातो. थंडीच्या दिवसांत त्याच्या छातीत घरघर होते, त्यामुळे ‘होईल ते होईल’ म्हणून निघता येत नाही. बेत आखावाच लागतो.

आधी दिवस ठरवा. पुष्कळांना वाटतं, नाताळ बघायचा म्हणजे २४-२५ तारखेलाच जायला हवं. तसं मुळीच नाही. वांद्र्याच्या गल्ल्यांत, गिरगावच्या वाड्यांत कागदी चांदण्या त्याच्या आठवडाभर आधीपासून टांगलेल्या असतात. दुकानं सजलेली असतात आणि रस्त्यावर लेकराचा हात धरून चालायला जागाही असते. शाळेची सुट्टी जमत असेल तर २०-२१ ला पोचावं आणि ऐन सणाच्या गर्दीआधी परतावं.

रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. म्हणजे डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचं तिकीट दिवाळीच्या आसपासच काढायला हवं. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने जातो. रात्री मिरजेला बसायचं, सकाळी मुंबईत उतरायचं. लेकराची एक झोप प्रवासात होते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारामधल्या मुलासाठी बर्थ हवी असेल, तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. ते खुशाल द्यावं. एका बर्थवर आजोबा आणि नातू झोपले, की दुसऱ्या दिवशी दोघेही कुणाच्या कामाचे राहत नाहीत. स्वेटर लागतो तो या प्रवासापुरता. मुंबईत दुपारी घामच येतो.

राहायचं कुठे? विरारच्या मामेभावाची माफी मागून सांगतो, दक्षिण मुंबईत राहा. फोर्ट, गिरगाव, स्टेशनच्या आसपास. खोली लहान असली तरी चालेल. कारण मुंबईची गर्दी ही भरती-ओहोटीसारखी आहे. सकाळी ती उत्तरेकडून दक्षिणेकडे लोटते, संध्याकाळी दक्षिणेकडून उत्तरेकडे. तुमचा मुक्काम दक्षिणेला असेल तर तुम्ही सतत तिच्या उलट्या अंगाने फिरता. दुपारी तीन-साडेतीनला चर्चगेटहून वांद्र्याला जावं आणि सात-साडेसातला परत फिरावं. त्या वेळी समोरून येणारी लोकल माणसांनी फुटत असते आणि तुमच्या गाडीत लेकराला खिडकी मिळू शकते. रविवारी मात्र ‘मेगाब्लॉक’ कुठे आहे ते आदल्या दिवशीच पाहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. दिवसाला मोठं ठिकाण एकच. सकाळी एक जागा, दुपारी खोलीवर येऊन झोप, संध्याकाळी दिवे. दुपारची झोप मोडली, की संध्याकाळी भर रस्त्यात रडारड ठरलेलीच. डिसेंबर याला फार सोयीचा आहे. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, साडेसहाला दिवे लागलेले असतात. उन्हाळ्यात रोषणाई दाखवायची तर मुलाला जागवावं लागतं. इथे ती बघून, जेवून, नऊला तो अंथरुणात असतो.

हवेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण आमच्या घरी हा काळजीचा विषय आहे. ‘समुद्राकाठची हवा चांगली’ हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. हिवाळ्यातल्या मुंबईला ते सरसकट लागू पडत नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरचा थर तुलनेने उबदार राहतो. गार हवा जड असते, ती वर जात नाही. तिच्यात गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ कोंडून राहते, आणि या दिवसांत वाराही मंद असतो. सकाळी जे धुकं म्हणून कौतुकाने पाहिलं जातं, त्यात धूर बराच असतो. दुपारी समुद्रावरून वारा सुटला म्हणजे हे मळभ थोडं पांगतं. म्हणून दम्याच्या लेकराला पहाटे मरीन ड्राइव्हवर पळायला नेऊ नये. सकाळ बंदिस्त जागेत काढावी, समुद्र संध्याकाळच्या आधी दाखवावा. त्याचा श्वासाचा पंप हातातल्या पिशवीत ठेवावा, बॅगेच्या तळाशी नव्हे. आणि निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं.

पाहायचं काय? पहिलं ठिकाण तुम्ही जिथे उतरता तेच. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत. लोक तिच्याखालून धावत जातात. लेकराला समोरच्या फुटपाथवर उभं करा आणि सांगा, जनावरं मोज. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. मग भिंतींवर मोर, माकडं, पक्षी, पावसाचं पाणी ओकणारी विचित्र तोंडं. तिकीट नाही, रांग नाही, आणि अर्धा तास छान जातो.

तिथून चालत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. या दिवसांत तिथे चांदण्या, घंटा, कागदी झाडं विकायला मांडलेली असतात. दाराच्या वर दगडात कोरलेली शेतकऱ्यांची, बाजारकऱ्यांची चित्रं आहेत, ती जॉन लॉकवूड किपलिंग यांनी केलेली. त्यांचा मुलगा रुडयार्ड जवळच, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मला. ‘मोगली लिहिणाऱ्याच्या बाबांनी हे केलंय’ एवढं सांगितलं, की लेकरू मान वर करून बघतं.

संध्याकाळी गिरगावातली खोताची वाडी. लाकडी जिने, ओसऱ्या, कौलारू छपरं. पूर्वी इथे साठ-पासष्ट बंगले होते, आता निम्म्याहून कमी उरलेत. दारांत चांदण्या, कुठे कोपऱ्यात येशूजन्माचा गोठा मांडलेला. ही लोकांची राहती घरं आहेत, प्रदर्शन नव्हे, हे लेकराला वाडीच्या तोंडाशीच सांगावं. खिडकीतून आत डोकावू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

या वाडीत आणि वांद्र्यात ‘ईस्ट इंडियन’ म्हणवणारे लोक भेटतात. नाव ऐकून बंगाल आठवतो, पण ही मंडळी इथलीच. मुंबई, साष्टी, वसईची मूळ रहिवासी, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेली, घरात मराठीचीच एक बोली बोलणारी. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे दिसावं म्हणून १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवात त्यांनी हे नाव घेतलं. त्याच वर्षी आपल्या त्या स्टेशनलाही राणीचं नाव मिळालं होतं. स्टेशनचं पुढे बदललं, यांचं राहिलं.

यांच्या नाताळच्या फराळाला कुस्वार म्हणतात. त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. कलकल असतात, काट्यावर वळून तळलेले, साखरेत घोळलेले, शंकरपाळ्याचे चुलतभाऊ. नातवाने नेवरी खाता खाता विचारलं, ‘नाना, हा सण कुणाचा?’ मी सांगितलं, येशूंचा जन्मदिवस आहे, आपण त्यांना हजरत ईसा म्हणतो. त्याने दुसरी नेवरी उचलली आणि म्हणाला, ‘मग दिवाळीचं खाणं कसं?’ याचं उत्तर देण्यात आमची एक आख्खी संध्याकाळ गेली, आणि ती मला म्युझियमपेक्षा मोलाची वाटते.

राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. बाग एरवी बुधवारी बंद असते. सुट्टीच्या दिवशी तिथे इतकी गर्दी लोटते, की लेकराला पेंग्विनऐवजी लोकांच्या पाठी दिसतात. कामाच्या दिवशी, दार उघडताच जावं.

घारापुरीचा मोह होतो. सोमवारी लेणी बंद असतात. पण त्याहून महत्त्वाचं सांगतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी, याच सुट्टीच्या दिवसांत, गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचे प्राण गेले. त्यांत लहान मुलंही होती. बोटीत बसलात तर सुटण्याआधी लाइफ जॅकेट अंगात हवं, आणि लेकराच्या अंगाला बसणारं हवं. मोठ्या माणसाचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून निघून जातं. तशा मापाचं नसेल, किंवा बोट जास्त भरलेली दिसली, तर खुशाल उतरा. लेणी कुठे पळून जात नाहीत.

गर्दीत हरवण्याचा विचार कुणालाच नको असतो, म्हणूनच तो घरी करावा. मी सहा वर्षांचा असताना मिरजेच्या मीरासाहेबांच्या उरुसात हरवलो होतो. अब्बांनी आधीच बजावलं होतं, ‘चुकलास तर चालायचं नाही, जिथे आहेस तिथे उभा राहा.’ मी एका फुगेवाल्याशेजारी उभा राहिलो आणि ते परत त्याच वाटेने आले. नातवाला मी तेच सांगतो. दोघंही शोधायला निघाले तर भेट होणं अवघड. चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून त्याच्या खिशात ठेवा, शक्य तर त्याला पाठही करवून घ्या. रोज सकाळी निघताना त्याचा एक फोटो काढा, म्हणजे त्या दिवशी अंगात कोणते कपडे होते हे घाबरलेल्या अवस्थेत आठवत बसावं लागत नाही. रेल्वेत १३९, मुलांसाठी १०९८ आणि कुठेही ११२ हे क्रमांक लक्षात ठेवा. आणि कुणाची मदत मागावी? पोलिसाची, किंवा जवळ मूल असलेल्या बाईची.

काहींना सुट्टी वर्षअखेरीलाच मिळते. त्यांनी ३१ तारखेच्या रात्री लेकराला गेटवे किंवा मरीन ड्राइव्हवर मुळीच नेऊ नये. तिथे त्याला काही दिसत नाही, फटाक्यांचा धूर मात्र मिळतो. खोली गोदीच्या बाजूला, फोर्ट-बॅलार्ड इस्टेटकडे असेल तर खिडकीशी बसा. बाराच्या ठोक्याला बंदरातली जहाजं भोंगे वाजवतात, स्टेशनातल्या गाड्याही त्यांना साथ देतात. लेकरू जागं असेल तर त्याला मांडीवर घेऊन ऐकवा. झोपलं असेल तर उठवू नका.