वजनकाट्यावर विसंबू नका

वजन आटोक्यात, म्हणजे मधुमेहाची भीती नाही, ही समजूत भारतीय शरीराला लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन) सारखाच, २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली ही तुलना दोनच माणसांची, हा आक्षेप रास्त आहे. पण पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात कमी वजनाच्या नवजात बाळांतही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त आढळले. तेव्हा सगळा दोष बैठ्या नोकरीवर टाकता येत नाही. घरात कुणाला मधुमेह असेल किंवा पोट सुटले असेल, तर हातपाय सडपातळ असले तरी उपाशीपोटीची साखर तपासून घ्या.