मेंढरांची वाट आणि उसाचा फड

दिवाळी सरली की भीमाकाठच्या वडगाव रासाई परिसरात उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत एखादं लादलेलं घोडं येताना दिसतं. पाठीवर भांडी, घोंगडी, पालाचं सामान. वर बसलेलं पोर. कडेच्या जाळीत नुकतीच जन्मलेली कोकरं. धनगरांचा वाडा मुक्काम हलवत असतो. बायका बिऱ्हाड घेऊन पुढे जातात, पुरुष मेंढरं चारत रानातून येतात.

शिरूर, दौंड, पारनेर हा पर्जन्यछायेचा मुलूख. माळावरचं गवत संपलं की मेंढरं हलवावीच लागतात. काही वाडे घाट उतरून कोकणातल्या भातखाचरांपर्यंत जातात आणि पावसाच्या तोंडावर माघारी फिरतात.

जनावरांची अशी लांबची वाट अमेरिकेतही होती. तिथे १८६७पासून टेक्सासची गुरं चिझम वाटेनं कॅन्ससमधल्या ॲबिलीनच्या रेल्वेपर्यंत हाकत नेत. फुगलेल्या नद्या, रात्री बिथरून उधळणारा कळप, चोर असे धोके वाटभर असत. १८७४मध्ये ग्लिडन नावाच्या माणसाच्या काटेरी तारेला पेटंट मिळालं; तारांची कुंपणं आणि वाढत गेलेली रेल्वे यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत ती वाट बंद पाडली. पण हाकणारे पगारी गडी होते आणि गुरांना परतीचा प्रवास नव्हता. आपल्याकडे अख्खं घर मेंढरांबरोबर चालतं आणि पावसाच्या तोंडावर परततं. मला ही कामगिरी अधिक अवघड वाटते.

इथे तारेचं काम उसानं केलं. पाणी आलं, माळ फुटले, चराऊ रान बांधापुरतं उरलं. वाटेत एखादा कळप कुणाच्या पिकात शिरला की भांडण ठरलेलं. डांबरी रस्त्यावर भरधाव गाड्यांची भीती. आणि उसातच बिबट्या राहतो. संध्याकाळी खुंट्या ठोकून वाघर लावतात, कोकरांना एकेक करून आयांच्या कासेला लावतात. रात्री कुत्री भुंकली की बॅटरी घेऊन उठायचं. सुती जाळ्याच्या त्या कुंपणामागे मेंढरं असतात, आणि उघड्यावर झोपलेली लेकरंही. वन खात्यानं आणि पंचायतीनं मुक्कामाच्या जागा ठरवून तिथं उजेडाची सोय करायलाच हवी.

तरीही वाडा टिकून आहे, याचं कारण लेंडीखत. रान मोकळं झालं की शेतकरी मेंढरं बसवायला बोलावतो. रात्रीच्या मुक्कामाचे धान्य किंवा पैसे देतो. हा सौदा आता मोबाईलवर ठरतो, आणि मागणी जास्त असली की मेंढरं आधी कुणाच्या रानात बसवायची, हे वाड्याचा म्होरक्या सांगतो.