गाय, गोचीड आणि माणूस



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्याने मला विचारले, "युनियनवाल्या माणसाने गोचिडावर काय बोलायचे?" प्रश्न रास्त आहे. मी वैद्य नव्हे, पशुवैद्यही नव्हे. जे सांगणार आहे ते वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळविलेले आहे. परंतु एखादा रोग प्रथम कोणाला गाठतो हे पाहू लागले, की गुराखी, बागेतली मजूर स्त्री, खाटीक आणि दवाखान्यातली परिचारिका यांचीच नावे पुढे येतात. म्हणून हा विषय मला परका वाटत नाही.

गोचीड आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आपला नगर जिल्हा दुधाचा जिल्हा. गाईच्या कासेला, कानात, शेपटीच्या मुळाशी चिकटलेला तो टपोरा जीव कोणाला ठाऊक नाही? तो कीटक नव्हे. कोळी, विंचू यांच्या कुळातला, आठ पायांचा प्राणी आहे. अंड्यातून पिल्लू निघते तेव्हा मात्र त्याला सहाच पाय असतात. पुढे ते कात टाकून मधल्या अवस्थेत जाते व पुन्हा कात टाकून प्रौढ होते. प्रत्येक अवस्थेत त्याला रक्ताचे जेवण लागते. रक्त पिऊन फुगलेली मादी जमिनीवर गळून पडते आणि हजारांच्या संख्येने अंडी घालते. अनेक जातींत हे प्रत्येक जेवण निराळ्या प्राण्याच्या अंगावर होते. रोगाचे सारे वर्म येथेच आहे. पहिल्या घरी घेतलेला विषाणू गोचिडाच्या पोटात टिकतो, कात टाकली तरी जात नाही, आणि पुढच्या घरी लाळेवाटे उतरतो.

आता एक खरी हकीकत सांगतो. 1957 सालच्या मार्च महिन्यात म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांत माणसे तापाने फणफणू लागली. पुण्याला 1952 साली विषाणू संशोधन केंद्र निघाले होते. तीच संस्था आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तेथील मंडळी धावली. प्रथम शंका आली ती आफ्रिकेतल्या पीतज्वराची. परंतु सापडला तो नवाच विषाणू, रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. त्याला त्या जंगलाचेच नाव मिळाले. आपल्याकडे त्या रोगास माकडताप म्हणतात.

नाव माकडाचे खरे, पण वाहक आहे गोचीड. आणि त्या गोचिडाला पोसण्यात मोठा वाटा आहे गाईम्हशींचा. पावसाळ्यात गुरे जंगलात चरायला जातात, तेव्हा प्रौढ गोचीड त्यांच्या रक्तावर पुष्ट होतात व मादी अंडी घालते. पाऊस सरल्यावर पिल्ले निघतात व ती उंदीर, चिचुंद्री यांच्यासारख्या लहान प्राण्यांवर जगतात. मधल्या अवस्थेतले, जेमतेम दिसणारे गोचीड डिसेंबरपासून मेपर्यंत पालापाचोळ्यात दबा धरून असतात; माणसाला चावतात ते हेच. गाय या विषाणूने आजारी पडत नाही, तिच्यापासून तो माणसाला होतही नाही. ती फक्त गोचिडांचे कुटुंब वाढविते. तेव्हा दोष गाईला देऊ नका.

हा ताप पुढे सह्याद्रीच्या बाजूने उत्तरेकडे सरकला. 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाळी गावी, 2016 च्या जानेवारीत सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात आणि 2017 साली सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात तो दिसला. महिने पाहा! काजूच्या हंगामाचे महिने. बी वेचायला वाकून पाचोळ्यात हात घालणाऱ्या मजुराला घरी बसा असे सांगणे सोपे आहे. त्या दिवसांची मजुरी त्याला कोण देणार? एकाएकी ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, लाल डोळे, उलट्या, कधी नाकातून वा हिरड्यांतून रक्त, ही त्याची लक्षणे. शंभरांत सुमारे तीन ते पाच रोगी दगावतात. त्यावरची जुनी लस कमी गुणाची ठरल्याने थांबविण्यात आली असून नवी लस तयार करण्याचे काम चालू आहे.

दुसरा ताप याहून उग्र. 1944 साली क्रिमियात शेतीच्या कामावर लागलेल्या सोव्हिएत सैनिकांत तो दिसला. 1956 साली काँगोत मिळालेला विषाणू तोच निघाला. म्हणून क्रिमियन-काँगो ताप हे जोडनाव. आपल्या देशात तो 2011 च्या जानेवारीत गुजरातेत, साणंद तालुक्यातील कोलाट गावी उघडकीस आला. एक स्त्री दगावली. आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व तिची शुश्रूषा करणारी परिचारिका हेही गेले. रोग ओळखण्याचे काम पुण्याच्याच संस्थेने केले. या तापात रोग्याच्या रक्तातून दुसऱ्याला लागण होते, आणि शंभरांत दहापासून चाळीसपर्यंत माणसे मरतात. जनावराच्या रक्तात हा विषाणू आठवडाभर असतो, पण जनावर धडधाकट दिसते. कापणाऱ्याला, सोलणाऱ्याला कळायचे कसे?

यात आपल्या नगरकरांनी ध्यानात घ्यावे असे काही आहे. संकरित गाईंना थायलेरियाचा ताप येतो, हे आपल्या दूधवाल्यांना ठाऊक आहे. त्याचे कारण विषाणू नव्हे, रक्तातला एक सूक्ष्म परजीवी. पण तो ताप पसरविणारा हायलोमा जातीचा गोचीडच क्रिमियन-काँगो तापाचाही वाहक आहे, आणि तो गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत राहतो. काष्टी, घोडेगाव, लोणी येथील बाजारांत दूरदूरची जनावरे येतात. त्यांच्याबरोबर गोचीडही येतात. जिल्ह्यात साथ आहे असे मी मुळीच म्हणत नाही; वाट मोकळी आहे, इतकेच म्हणतो.

मग करायचे काय? गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा व रॉकेलात टाकावा. हात साबणाने धुवावेत. गोठ्याच्या भेगा लिंपून घ्याव्यात. औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने, जनावराबरोबर गोठ्यालाही मारावे. बाजारातून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधावे. दूध उकळूनच प्यावे. ताप आला तर गुरांत किंवा रानात काम केल्याचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

शेवटचा मुद्दा माझ्या धंद्याचा. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला जोडलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत दवाखान्यातले, प्रयोगशाळेतले, पशुवैद्यकीय आणि जनावरे वा मृत जनावरे हाताळण्याचे काम करताना जडणारे संसर्गजन्य रोग होते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशी यादी आहे. पण जो ताप नुसता 'ताप' म्हणून नोंदला जातो, त्याची भरपाई कोणी देत नाही. रोगाचे निदान करून घेणे आणि कामाची नोंद असणे, या दोन गोष्टींवाचून तो हक्क कागदावरच राहतो. परिचारिकेला हातमोजे, खाटकाला हातमोजे, काजूच्या मजुराला अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल. ही मागणी काही मोठी नाही. गोचीड कोणाचे रक्त प्यायचे याचा विचार करीत नाही, पण तो कोणाच्या वाट्याला यावा हे आपल्या समाजाच्या व्यवस्थेने ठरविलेले असते. ती व्यवस्था माणसांनी केलेली आहे, आणि माणसांनाच ती बदलता येते.