जुन्या गाडीचा कार्बोरेटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

1 एप्रिल 2020 पासून देशात बीएस-6 निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. मोटारींतून तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. तरीही जुन्या स्प्लेंडर, चेतक, आरएक्स 100, बुलेट आणि तालुक्याच्या गावांत अजून तग धरून असलेल्या मारुती 800 याच भागाच्या जिवावर धावतात. गाडी मिसिंग करू लागली, ॲव्हरेज घसरले किंवा स्लो स्पीडवर बंद पडू लागली, की गॅरेजमध्ये एकच निदान ऐकू येते : कार्ब गेला, नवा टाका. मग कोणता टाकायचा, यावर बाजारात मतांचा पूर असतो. या मतांमागे एक चुकीचे गृहीतक आहे. कार्बोरेटर हा बल्ब किंवा टायरसारखा सुटा, स्वतंत्रपणे चांगला किंवा वाईट ठरणारा भाग आहे, असे ते गृहीतक. प्रत्यक्षात कार्बोरेटर एका ठरावीक इंजिनासाठी, एका ठरावीक एअर फिल्टर आणि सायलेन्सरसाठी मापून दिलेला असतो. त्याचा विश्वासार्हपणा ब्रँडवर आणि किमतीवर ठरतो त्याहून कितीतरी जास्त तो या मापाच्या जुळणीवर ठरतो.

पहिला गैरसमज निदानाचाच आहे. कार्बोरेटरची म्हणून सांगितली जाणारी बहुतेक लक्षणे दुसरीकडूनही येतात. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या मॅनिफोल्डच्या रबराला वयोमानाने चीर पडते, तिथून फुकटची हवा आत जाते आणि स्लो स्पीड वरखाली होऊ लागतो. झिजलेला प्लग, कमकुवत कॉइल, चुकलेले टॅपेट, टाकीतून उतरणारा गंज, तुंबलेला एअर फिल्टर यांतले काहीही तीच तक्रार देऊ शकते. नवा कार्बोरेटर बसवल्यावर गाडी आठवडाभर बरी चालते आणि पुन्हा तेच सुरू होते, याचे कारण अनेकदा असे की बसवताना फिल्टर आणि प्लगही साफ झालेले असतात आणि मूळ दोष तसाच राहिलेला असतो. टाकीतला गंज तर नव्या कार्बोरेटरचाही पायलट जेट तितक्याच लवकर बुजवतो. म्हणून बदलण्याआधी टाकी, पेट्रोलचा कॉक, रबर, प्लग आणि कॉम्प्रेशन तपासून घेणे हा खर्च टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

दोष कार्बोरेटरमध्येच असला तरी पूर्ण भाग बदलायची वेळ क्वचित येते. त्यात झिजणारे घटक मोजके आहेत : फ्लोटची निडल आणि तिची बैठक, जेट निडल आणि ती ज्यात वरखाली होते तो निडल जेट, गॅस्केट आणि ओ-रिंग. ओव्हरफ्लो होत असेल तर बहुधा फ्लोटच्या निडलच्या टोकावर पडलेली चर त्याला कारणीभूत असते. हे सगळे रिपेअर किटमध्ये मिळते. खरोखर निकामी होतो तो सांगाडा. स्लाइड तिच्या नळीत इतकी सैल झाली की बोटाने हलवली तरी खडखडते, बटरफ्लाय असलेल्या कार्बोरेटरचा शाफ्ट झिजून कडेने हवा ओढू लागला, किंवा बोल्ट जास्त आवळून फ्लँज वाकला, तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत. पण अनेक कार्बोरेटर झिजून मरत नाहीत, साफसफाईत मारले जातात. बुजलेल्या जेटमध्ये क्लचच्या केबलची तार घालून तो मोकळा करण्याची सवय फार जुनी आहे. जेट पितळेचा, तार पोलादाची. छिद्राचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी वाढते, म्हणजे पेट्रोलही त्याच प्रमाणात जास्त जाऊ लागते. जेट द्रावणात भिजवून दाबाच्या हवेने साफ करावा, आणि त्यात एकदा तार फिरलेली असेल तर सरळ नवा घ्यावा.

दुसरा गैरसमज सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत महाग पडतो : मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त पिकअप. कार्बोरेटर पेट्रोल ढकलत नाही. अरुंद गळ्यातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल जेटमधून वर येते. समजा 20 मिलिमीटरच्या जागी 26 मिलिमीटरचा गळा बसवला. क्षेत्रफळ 1.69 पट झाले. कमी आरपीएमवर तुम्ही थ्रॉटल झटकन पूर्ण उघडला, तर इंजिन तेव्हा जितकी हवा ओढू शकते तितकीच ओढणार, पण आता ती रुंद वाटेने येते. तिचा वेग सुमारे 59 टक्क्यांवर उतरतो, आणि ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती सुमारे 35 टक्क्यांवर येते. पेट्रोल मागे पडते, इंजिन क्षणभर दम टाकते. चढावर दोघांना घेऊन निघालेल्या गाडीला नेमका तोच क्षण महत्त्वाचा असतो. शर्यतीच्या गाड्यांना मोठे कार्बोरेटर असतात ना, असा आक्षेप येईल. असतात, पण त्यांचे पोर्ट, सायलेन्सर आणि कॉम्प्रेशनही बदललेले असते आणि त्या वरच्या आरपीएममध्येच धावतात. मूळ पोर्ट आणि मूळ सायलेन्सर असलेल्या इंजिनात अडथळा तिथेच राहतो. गळा मोठा करून हाती येते ती फक्त खालच्या आरपीएममधली अडखळ आणि घसरलेले ॲव्हरेज.

तिसरा गैरसमज नावाचा. अंगावर मिकुनी किंवा केहिन कोरलेले दिसले की ग्राहक निश्चिंत होतो. नकली माल बाजारात भरपूर आहे, त्यामुळे डब्यापेक्षा वस्तू पाहावी. ओतकामाच्या कडा स्वच्छ आहेत का, जेटवर आकडे नीट उठलेले आहेत का, स्लाइड न अडखळता आणि न डुलता सरकते का, हे दुकानातच कळते. तरी माझ्या मते याहून मोठी फसगत अस्सल मालातच होते. एकाच कंपनीचा, एकाच गळ्याचा कार्बोरेटर दोन वेगळ्या गाड्यांसाठी वेगळ्या जेटने, वेगळ्या निडलने आणि स्लाइडच्या वेगळ्या कापाने भरलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. मूळ कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला ओळख क्रमांक म्हणूनच ब्रँडपेक्षा मोलाचा आहे. जेटच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, तर मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा ठरावीक वेळात वाहणाऱ्या इंधनाचे प्रमाण सांगतो. एकाचा 100 आणि दुसऱ्याचा 100 हे दोन निराळे जेट आहेत. ‘जुन्यात 100 होता, यातही 100 आहे’ एवढ्यावर समाधान मानणारा अस्सल माल घेऊनही चुकीच्या मिश्रणावर गाडी चालवत असतो.

यावर गॅरेजचे उत्तर ठरलेले असते : कोणताही बसवा, ट्यून करून देतो. इथे अनुभवी मेकॅनिकच्या कानाचा पूर्ण आदर राखूनही एक मर्यादा सांगायला हवी. बाहेरचा स्क्रू फक्त पायलट सर्किटवर, म्हणजे थ्रॉटलच्या साधारण पहिल्या चौथाई भागापर्यंतच प्रभाव ठेवतो. त्यापुढे स्लाइडचा काप, मग जेट निडल आणि शेवटच्या चौथाईत मेन जेट मिश्रण ठरवतात. स्लो स्पीडवर घड्याळासारखी चालणारी गाडी पूर्ण थ्रॉटलला धोकादायक इतकी लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारी, असू शकते, आणि कान ते सांगत नाही, कारण किंचित लीन इंजिन उलट चपळ वाटते. टू-स्ट्रोकमध्ये याची शिक्षा कडक असते. पेट्रोल कमी पडले की पिस्टनचे तापमान चढते, आणि तेल पेट्रोलात मिसळून दिले जात असेल तर पेट्रोलबरोबर वंगणही कमी होते. लांबच्या सरळ रस्त्यावर इंजिन जॅम होते ते यातूनच. स्क्रूचीही दोन रूपे आहेत. फिल्टरच्या बाजूचा स्क्रू बहुधा हवेचा असतो, तो आत पिळला की मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूचा पेट्रोलचा असतो, तो बाहेर काढला की रिच होते. नवा कार्बोरेटर वेगळ्या प्रकारचा असेल तर हाताची जुनी सवय नेमकी उलटे काम करते. स्लो स्पीडच्या मिश्रणाची मोजलेली पडताळणी हवी असेल तर ती पीयूसी केंद्रात स्वस्तात होते. 31 मार्च 2000 पर्यंतच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 4.5 टक्के आहे, त्यानंतरच्या पण बीएस-4 पूर्वीच्या दुचाकीला 3.5 टक्के. आकडा मर्यादेला टेकलेला असेल तर पायलट सर्किट रिच आहे. वरच्या थ्रॉटलचे मात्र पीयूसी काहीच सांगत नाही, तिथे प्लगचा रंग आणि योग्य जेट हाच आधार.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून नवी भीती पसरली आहे की ई-20 साठी कार्बोरेटर बदलावाच लागतो. दुसऱ्या टोकाला, काहीच फरक पडत नाही असे म्हणणारेही आहेत. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने 14.7 भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9, कारण त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक वाटा ऑक्सिजनचाच असतो. ई-20 ला म्हणून सुमारे 13.5 भाग हवा पुरते. इंजेक्शनच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो, कार्बोरेटर ओळखत नाही. तेच जेट असतील तर मिश्रण लीन होते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या प्रकारचे रबर फुगवते किंवा कडक करते. यावर उपाय जेट एखादी पायरी मोठा करून प्लग तपासणे, निडलचे टोक आणि ओ-रिंग इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालणे आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून टाकणे हा आहे. धड सांगाडा फेकून देण्याचे कारण यात कुठेही नाही.

उरतो सर्वांत रास्त आक्षेप : ज्या गाडीचे उत्पादनच कधीचे थांबले, तिचा मूळ कार्बोरेटर आणायचा कुठून? आरएक्स 100 बंद होऊन तीन दशके होत आली. अशा वेळी पर्याय घ्यावाच लागतो, पण त्याचा क्रम ठरलेला असावा. आधी प्रकार तोच, म्हणजे स्लाइडच्या जागी स्लाइड आणि व्हॅक्यूमच्या जागी व्हॅक्यूम. मग गळा तोच, फार तर एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे. मग फ्लँजच्या बोल्टांतले अंतर, केबल, चोक आणि ऑइल पंपाची जोडणी. आणि शेवटी, ज्याचे सुटे जेट व निडल तुमच्या शहरात सहज मिळतात असाच. जेट न मिळणारा कार्बोरेटर कितीही देखणा असला तरी तो घेऊ नये, कारण तो तुमच्या इंजिनाला जुळवता येणार नाही. बदललेला जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नका. त्याच्या अंगावरचा क्रमांक आणि आतल्या जेटवरचे आकडे हीच तुमच्या इंजिनाच्या मापाची नोंद आहे, आणि पुढच्या वेळी दुकानात जाताना तीच सोबत लागते.