इशाऱ्याचे कवच किती टिकाऊ?

आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के भाग केंद्राने मे 2022 मध्ये विकले. 949 रुपयांचा समभाग नोंदणीच्या पहिल्याच दिवशी त्याखाली घसरला. अपेक्षा फोल ठरू शकतात, असे माहितीपत्रकातील ‘भविष्यलक्षी विधाने’ या परिच्छेदाने आधीच बजावले होते! ही भाषा रुजली ती अमेरिकेत. अध्यक्ष क्लिंटन यांचा नकाराधिकार मोडीत काढून काँग्रेसने 1995 मध्ये केलेल्या कायद्याने, अर्थपूर्ण इशारा देणाऱ्या कंपन्यांना भाकीत चुकल्यास संरक्षण दिले. प्रथम भागविक्रीला मात्र त्यातून वगळले. आपल्याकडे तर ‘सेबी’ माहितीपत्रकात आर्थिक कामगिरीचे भाकीत करण्यासच मनाई करते. दिशाभूल करणाऱ्या माहितीपत्रकासाठी 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 34 फसवणुकीची शिक्षा सांगते. या कलमात सावधगिरीच्या परिच्छेदाचा उल्लेखही नाही.