तेजी, मंदी आणि घरची पुंजी

‘ऑप्शन’ हा शब्द तरुण पिढीने मोबाइलवर शिकला असला, तरी व्यवहार जुनाच आहे. आपल्या बाजारात त्यास ‘तेजी’ आणि ‘मंदी’ म्हणत. १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्याने ऑप्शनची व्याख्या करताना ‘पुट’ व ‘कॉल’ यांच्या जोडीला पेढीवरचे हे शब्द जसेच्या तसे घेतले, आणि हे व्यवहार निषिद्धही ठरविले. ती बंदी १९९५ मध्ये उठली. २००१ पासून ऑप्शन शेअर बाजारात रीतसर अवतरले.

कॉल म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, पुट म्हणजे विकण्याचा. त्या हक्काचे मोल म्हणजे प्रीमियम. समजा, शेअरचा भाव १००० रुपये आहे. १०५० चा कॉल २० रुपये प्रीमियमने घेतला; लॉट ५०० शेअरचा, म्हणजे १०,००० रुपये गेले. मुदतीअखेर भाव १०६० झाला. अंदाज खरा ठरला. तरीही प्रत्येक शेअरमागे १० रुपयांप्रमाणे ५००० रुपयांचा तोटाच! शिवाय सौदा वेळेत मोडला नाही, तर ५,२५,००० रुपये भरून शेअर उचलावे लागतात. दहा हजारांचा खेळ समजून उतरलेल्यास हे सहसा शेवटच्या आठवड्यातच कळते. विकणाऱ्याची गत याहून बिकट: मिळकत प्रीमियमपुरती, कॉल विकला असेल तर तोट्यास सीमाच नाही.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक सौदेकऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता.

हातात शेअर असून पडझडीची धास्ती असेल, तर पुट हा विमा ठरतो. ऑप्शनचा खरा उपयोग तोच. परंतु दोन वर्षांनी कन्येच्या शिक्षणासाठी लागणारी रक्कम मुळात शेअरमध्ये असावीच का? दहा-पंधरा वर्षांच्या पैशास निर्देशांक फंड किंवा पीपीएफ योग्य. जवळच्या गरजेचा पैसा मात्र बँकेतच बरा, आणि तोही मोठा असल्यास दोन बँकांत. कारण ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच आहे.