खिळ्याची बंदूक घेताना

सोयाबीनचे पैसे हाती पडले, की आमच्या रोहिणखेडच्या परिसरात शेतात एखादी खोली उभी करण्याचे बेत सुरू होतात. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला रात्रीची जागल असते, मोटारीचे स्टार्टर आणि खताची पोती ठेवायला आडोसा लागतो. पूर्वी हे काम गावातले सुतार करत. आता तरुण मंडळी म्हणतात, ‘लाकूड आपले, पत्रे आपले, मग मजुरी कशाला? आपणच करू.’ हौस चांगली आहे. पण या हौसेबरोबर हल्ली एक नवे अवजार घरात येऊ लागले आहे. ते म्हणजे हवेच्या दाबावर खिळे ठोकणारी बंदूक. कारागीर तिला नुसते ‘गन’ म्हणतात.

आरोग्याच्या सदरात अवजाराची चर्चा कशाला, असे वाचकांना वाटेल. पण या अवजाराची जखम हातोडीच्या जखमेहून वेगळी असते, आणि ती टाळण्याची पहिली संधी दुकानातच असते.

आधी तिचे काम कसे चालते ते पाहू. कॉम्प्रेसरच्या टाकीतली हवा पाइपातून बंदुकीत येते. घोडा दाबला की त्या हवेने आतला दांडा पुढे फेकला जातो आणि तो खिळा लाकडात घुसवतो. लहान बंदुकांना साधारण ६० ते १०० पौंड दाब लागतो. जो खिळा हातोडीच्या चार-पाच घावांत जातो, तो येथे डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो. हातोडी चुकली तर अंगठा ठेचतो, नख काळे पडते. बंदूक चुकली तर खिळा हाडात, सांध्यात किंवा डोळ्यात जातो.

अमेरिकेत घरे लाकडाचीच बांधतात, म्हणून तेथे या बंदुका फार. तेथील सरकारी आरोग्य खात्याच्या आकडेवारीनुसार २००१ ते २००५ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे ३७,००० लोक या जखमांसाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आले. घरच्या घरी काम करणाऱ्या हौशी लोकांच्या जखमा १९९१ साली सुमारे ४,२०० होत्या, त्या २००५ पर्यंत तिपटीहून अधिक झाल्या. बंदूक स्वस्त झाली, दुकानात सहज मिळू लागली, आणि जखमा वाढल्या. आपल्याकडेही आता ती सहज मिळू लागली आहे.

घेताना काय पाहावे?

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याला तिची गरज आहे का? पत्र्याच्या खोलीला लोखंडी अँगल असेल तर पत्रे स्क्रूने किंवा आकड्यांनी बसतात, तेथे ही बंदूक निरुपयोगी. लहान बंदुकीचे बारीक खिळे प्लायवूड आणि पट्ट्यांसाठी असतात, छप्पर पेलणाऱ्या लाकडासाठी नव्हेत. शिवाय कॉम्प्रेसरला वीज लागते, आणि शेतातल्या विजेचा भरवसा आपण सारे जाणतोच. एकाच खोलीसाठी हातोडी पुरते, किंवा त्या कामापुरता जाणता सुतार बोलवावा.

घ्यायचीच ठरली तर घोड्याची पद्धत विचारा. काही बंदुकांत घोडा दाबून धरला, की नाकाड जेथे टेकेल तेथे खिळा सुटतो. काम झपाट्याने होते, पण बंदूक धक्क्याने उसळून पुन्हा टेकली तर दुसरा खिळाही सुटतो, मग समोर लाकूड असो की मांडी. दुसऱ्या पद्धतीत आधी नाकाड लाकडावर टेकवायचे, मग घोडा दाबायचा, आणि प्रत्येक खिळ्यासाठी घोडा सोडून पुन्हा दाबायचा. पहिल्या पद्धतीत जखमेचा धोका दुसरीच्या दुप्पट असतो, असे तेथील सुरक्षा संस्थांनी सांगितले आहे. नवशिक्याने दुसऱ्या पद्धतीचीच घ्यावी. काही स्वस्त बंदुकांना नाकाडाचा अटकाव नसतोच, घोडा दाबला की खिळा हवेतही सुटतो. अशी बंदूक मुलाबाळांच्या घरात आणूच नये.

छताला किंवा काँक्रीटला खिळे मारण्यासाठी दारूच्या टोप्यांवर चालणारी बंदूकही मिळते. ती हौशी माणसाने हातात घेण्याची वस्तू नाही.

बंदुकीबरोबर त्याच दिवशी चष्मा घ्या. नजरेचा चष्मा येथे चालत नाही. दोन्ही बाजू झाकणारा, न फुटणारा सुरक्षा चष्मा हवा. कानात कापसाचा बोळा पुरत नाही, कानाचे प्लग घ्या. चष्मा मदतनिसालाही हवा, कारण उडालेला खिळा मालक कोण ते पाहत नाही.

वापरताना लाकूड धरलेला हात खिळ्याच्या जागेपासून किमान एक फूट दूर ठेवावा. बाभळीच्या लाकडात गाठ लागली की खिळा वाकून बाजूने बाहेर येतो. अडकलेला खिळा काढण्याआधी हवेचा पाइप सोडवावा. शिडीवर चढताना बोट घोड्यावर नसावे. ऑक्सिजनचे किंवा गॅसचे सिलिंडर जोडून बंदूक कधीही चालवू नये; स्फोट होतो. आणि हवेचा पाइप कोणाच्या अंगावर धरू नये. अशा थट्टेने आतडी फुटून माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत.

खिळा लागलाच तर?

‘डाक्टरसाहेब, एवढुसा खिया व्हता, ओढून फेकला,’ हे वाक्य दवाखान्यात मी अनेकदा ऐकतो. येथेच घोटाळा होतो. बंदुकीचे खिळे गोंदाने किंवा तारेने एकमेकांना चिकटवलेल्या पट्टीत येतात. ओढताना त्या तारेचे किंवा गोंदाचे तुकडे आत राहतात, आणि शीर किंवा स्नायूची दोरी फाटू शकते. हाताला झालेल्या अशा जखमांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात दोरी, सांधा, नस किंवा हाड यांना इजा झालेली असते. बाहेरून मात्र दिसतो मोहरीएवढा ठिपका. म्हणून खिळा आत असेल तर तो तसाच ठेवावा, हात हलवू नये, अंगठी आणि कडे लगेच काढावे, भोवती स्वच्छ कापड गुंडाळून हात उंच धरावा आणि एक्स-रे निघेल अशा ठिकाणी जावे. खिळा आधीच निघाला असेल तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवावी. हळद, चुना, तंबाखू, रॉकेल यांपैकी काहीही भरू नये.

डोळ्यात लागले तर चोळू नये, धुऊ नये, दाबू नये. वरून कागदी कप ठेवून अलगद पट्टी लावावी आणि तडक नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. डोके, छाती, पोट यांत खिळा गेला तर तो काढू नये, रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता धनुर्वाताविषयी. गंजलेला खिळा असेल तरच इंजेक्शन घ्यावे, नवा कोरा असेल तर नको, हा मोठा गैरसमज आहे. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत. ते मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात, आणि जेथे हवा पोहोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत वाढतात. शेतात काम करणाऱ्या हातात चकचकीत खिळा घुसला, तरी कातडीवरची माती तो आत नेतोच. रोग बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतो: जबडा आखडतो, गिळता येत नाही, अंगाला झटके येतात. तेव्हा उपचार अवघड असतो आणि रुग्ण दगावू शकतो.

पूर्वी ज्याला आपण टीटी म्हणत होतो, त्याच्या जागी सरकारी लसीकरणात २०१९ पासून टीडी ही लस आली. आपल्याकडे बायकांना गरोदरपणात हे इंजेक्शन मिळते. पुरुषाला मात्र शाळा सुटल्यावर कोणी आठवण करून देत नाही. देशव्यापी लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांचे लहानपणीचे मूळ डोसही झालेले नसतात. मूळ डोस पूर्ण असतील आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे झाली असतील, तर अशा जखमेनंतर एक डोस घ्यावा. मूळ डोस झालेच नसतील किंवा आठवत नसतील, तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्यांचे इंजेक्शनही लागते, आणि पुढचे डोस पुरे करावे लागतात. काम सुरू करण्यापूर्वीच टीडी घेऊन ठेवणे सर्वांत शहाणपणाचे.

दोन-तीन दिवसांत बोट सुजले, वाकलेले राहू लागले, सरळ करताना कळ आली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असलेल्यांनी तर ठणका नसला तरी जखम दाखवावी.

कापूस वेचणे, दूध काढणे, विळा धरणे, सारे काम अंगठा आणि बोटांवर चालते. खोली आठ दिवस उशिरा झाली तर काही बिघडत नाही. दुकानात जाल तेव्हा भावाआधी घोड्याची पद्धत विचारा, आणि दुकानात जाण्याआधी आरोग्य केंद्रात टीडी घ्या.